जाडा आवाज

आप्पा, मी गाडीत सबवूफर बसवून घेतला. तुमच्या वेळी हा शब्द आपल्या घरात नव्हता म्हणून सांगते, ढोलकीचा, डग्ग्याचा जो जाडा आवाज कानापेक्षा छातीत जास्त कळतो, तो काढणारा हा मोठा स्पीकर. लाकडी पेटीत बसवून डिकीत ठेवतात आणि त्याला जोर द्यायला शेजारी अ‍ॅम्प्लिफायर. दुकानदार विचारतो, "मॅडम, लडके के वास्ते क्या?" मी म्हणते, नाही, मलाच हवाय. शाळेतल्या बायका अजून विचारतात, वरात कुणाची काढताय. आई तर म्हणाली, "मराठीची बाई हायस का डीजेवाली?" खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही. शेवटी शेवटी गाण्याचे शब्द तुमच्यापर्यंत पोचायचे बंद झाले, तेव्हा तुम्ही टेपच्या खोक्यावर पंजा ठेवून बसायचात. "ठेका कळतोय की," म्हणायचात. तेवढा ठेका मला गाडीत हवा होता, शाळेला जाता-येता.

तुमचे कान काही एकदम गेले नाहीत. तुम्ही कापडाच्या कारखान्यात यंत्रमाग दुरुस्त करायचात, दिवसभर त्या खडखडाटात. पाळी संपवून घरी आलात की कान बधिर असायचे, मग आई ओठ आणि हात हलवून बोलायची, तुम्ही सगळे कामगार मागांपाशी उभे राहून बोलायचात तसं. मीही तेच शिकले. झोप झाली की कान मोकळे. हे जाणं-येणं इतकी वर्षं चाललं होतं की कुणी मनावर घेतलं नाही. आणि एका सकाळी तुम्ही चहाची कपबशी हातात घेऊन आईच्या तोंडाकडे बघत राहिलात, तिचा आवाज चांगला मोठा असताना.

आता मी काय म्हणते ते बघा. सबवूफर बसवून फार दिवस झाले नव्हते. सकाळी अक्कलकोट रस्त्याला लागते, गाणं लावते, छातीत कसं भरून येतं. वाटेतलं वळसंग गाव यायच्या आत तो जाडा आवाज विरून जातो. गाणारा गातोच आहे, पण पातळ, लांबून. शाळा सुटून परत निघाले की पुन्हा सगळं ठीक आणि घर येईपर्यंत पुन्हा तेच. यंत्र बिघडलं की बंद पडतं, आपलं आपण बरं होऊन परत येत नाही, अशी माझी समजूत. कान मात्र जातात आणि येतात, हे मी घरात पाहिलं होतं. म्हणजे माझेही निघाले, असं मी धरून चालले. तुमचे शब्द आधी गेले आणि माझा ठेका, हे उलटं आहे, हेही मी मनावर घेतलं नाही. वर्गात मागच्या बाकावरचं पोर उत्तर द्यायला लागलं की माझी नजर त्याच्या ओठांवर जायची, आणि आपण काय करतोय हे लक्षात आलं की मी फळ्याकडे वळायचे. कानाच्या डॉक्टरांकडे जायला म्हणून निघायचे आणि दवाखान्यावरून गाडी सरळ पुढं न्यायचे.

गेल्या रविवारी आईला मावशीकडे घेऊन निघाले होते. आई पुढच्या सीटवर मांडी घालून बसली होती, गुडघ्यावर बोटांनी ताल धरून. नावं ठेवत होती, पण रमली होती. गाव मागं पडलं आणि तिची बोटं थांबली.

"ए, ते धमधम कुटं गेलं? लई ब्येस वाटत हुतं की."

मी विचारलं, "तुला पण ऐकू येईना?"

"मला काय धाड भरलीया? त्येच बंद पडलंय."

मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले, मग हसायलाच लागले. आई घाबरून माझी पाठ चोळत होती. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. मग उतरून डिकी उघडली. पेटी आणि अ‍ॅम्प्लिफायर, दोन्हींवर आपली जाडजूड सोलापुरी चादर, चारी बाजूंनी नीट खोचलेली. खाली हात घातला तर अ‍ॅम्प्लिफायर भाकरीच्या तव्यासारखा. फार तापला की तो स्वतःच बंद होतो आणि निवला की चालू, हे दुकानदारानं सांगितलं होतं, मीही मान डोलावली होती.

"धूळ बसंल म्हणून झाकलं," आई म्हणाली. "नव्या वस्तूला उगडं ठिवत्यात व्हय?"

मागांशेजारच्या खोलीत तिचा जन्म गेला. हवेत सदा सुताचे तंतू, म्हणून पाण्याच्या माठापासून शिलाई मशीनपर्यंत सगळं झाकलेलं. तिचं बघून मीही एकदा चालू रेडिओवर टॉवेल टाकला होता. तुम्ही तो ओढून काढलात. "त्याला बी दम लागतोय. मागनं मोकळं ठेव." तुम्ही मला रागावलेलं तेवढं एकच आठवतं, आणि नेमकं तेच मी विसरले होते.

चादर काढली. अ‍ॅम्प्लिफायर निवेपर्यंत आम्ही दोघी बाभळीखाली भुईमुगाच्या शेंगा खात उभ्या होतो. मग आवाज आला. मी काही न सांगता आईनं डिकीतल्या पेटीवर पंजा ठेवला, नेमका तुमच्यासारखा, आणि बराच वेळ उचलला नाही.

हे गाडीत बसून लिहिलं, आई आत मंडईत भाजी घेतेय तोवर. ती आली की घडी करून पर्समध्ये टाकीन, पुढं त्याचं काही व्हायचं नाही. पण एक सांगून टाकते. त्या दिवसांत तुमच्या फोटोकडे मी बघत नव्हते. कारखान्यानं नेलेले कान पोरीला वारशानं येत नाहीत, हे कळत होतं, तरी राग तुमचाच यायचा. तुमचं सगळं मला हवं होतं, आप्पा. फक्त कान नको होते.