चिकपेटेत आलेला मॉस्कोचा व्यापारी

अण्णा, तुमचं नाटक झालं! व्हाइटफील्डात, आमच्या अपार्टमेंटच्या क्लबहाउसात, खचाखच गर्दीत. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

अजून डोळ्यांपुढे आहे: तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून त्या रशियन नाटककाराची गोष्ट सांगताय, मी अवरेच्या शेंगा सोलतेय. तो तुमच्यासारखाच कोर्टात कारकून. दिवसभर व्यापाऱ्यांची भांडणं ऐकायचा आणि ते बोलतात तस्संच लिहायचा. पहिल्याच मोठ्या नाटकावर बंदी आली, नोकरी गेली, मागे पोलीस लागले. "तरी गडी लिहीतच राहिला, पुट्टी," तुम्ही म्हणता, "शेवटी मॉस्कोतल्या एका अख्ख्या थिएटरला लोक त्याचं घर म्हणायला लागले." प्रयोग चालू असताना तो म्हणे विंगेत उभा राहून नुसता ऐकायचा. तुम्हीही तालमीत भिंतीकडे तोंड करून बसायचात, आणि एखादं वाक्य पुस्तकी वाटलं की ओरडायचात, "कोण बोलतं रे असं घरी?"

त्याचा लबाड व्यापारी तुम्ही इथल्या चिकपेटेच्या बाजारात आणलात, आपल्या घरच्या कानडी मिसळलेल्या मराठीत बोलता केलात. इथल्या मराठी मंडळाच्या कमिटीनं नाक मुरडलं. "आधी भाषा शुद्ध करा, मग बघू." तुम्ही एक अक्षर बदललं नाहीत आणि नाटक तसंच पडून राहिलं. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मला अजून त्या लोकांचा संताप येतो.

आताचे माझे नट पुण्या-नागपूरचे, आयटीवाले. पहिल्याच वाचनाला एक जण म्हणाला, "ताई, हे स्वल्प-बिल्प काढूया ना, ऑडियन्सला रिलेट नाही होणार." म्हटलं, "शब्द राहणार. तुला जायचं तर जा." गेला नाही. त्यानंच व्यापारी केला, आणि काय केला म्हणून सांगू! घेणेकरी दारात उभे, आणि हा गादीवर लोळत म्हणतो, "स्वल्प थांबा हो, सगळं सरी होतंय." हॉलमध्ये असा हशा उसळला! पुढच्या रांगेतल्या, आपल्या इथल्या जुन्या मराठी घरांतल्या बायका डोळे पुसत म्हणत होत्या, "अय्यो, हे तर आमच्याच घरचं!" जिंकलात, अण्णा. सपशेल जिंकलात!

हे पत्र कुठे पाठवणार? राहील खणात. पण एक सांगते, रागावू नका. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते ना, तेव्हा मला तुमची अजिबात आठवण आली नाही. टाळ्या माझ्याच वाटल्या. फार मजा आली.