माझे ते वय, तिचा तो स्वभाव

मी गिरधर कडू महाजन, वय वर्षे सहासष्ट, धंदा ऑइल इंजिन दुरुस्ती, जन्मगाव शाहपुर, राहणार सिंधीपुरा, बऱ्हाणपूर, जिल्हा पूर्व निमाड. हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने लिहीत आहे. कोणी बळजबरी केलेली नाही, कोणी गोड बोलून लिहवून घेतलेले नाही, आणि नशापाणी मी जन्मात केलेले नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. दिगंबर वकील म्हणतात, एवढ्यावर थांबा. पण माझे मागचे वर्ष साऱ्या सिंधीपुऱ्याने पाहिले आहे. उद्या माझ्या मुलाचा वकील कोर्टात तेच काढील. त्यापेक्षा मीच लिहितो.

१. माझ्या आजाराबद्दल. सन १९५५ च्या दिवाळीनंतर, चौसष्टाव्या वर्षी, मला काही करावेसे वाटेना. ताप नाही, दुखणे नाही. मी तेरा वर्षांचा असताना कापसाच्या जिनात इंजिन पुसायला लागलो. पुढे लालबागच्या रस्त्यावर स्वतःचे दुकान टाकले. बांधावरून चालताना कोणाच्या विहिरीवरच्या इंजिनाचा व्हाल्व्ह बसला आहे ते मी नुसत्या आवाजावरून सांगत असे. लोक पैज लावत आणि हरत. ते आवाज ऐकू येत राहिले, पण मला काही सांगेनासे झाले. पहाटे तीनला जाग यायची आणि उजाडण्याची भीती वाटायची. अंघोळ करणे म्हणजे डोंगर चढणे झाले. अकरा महिने मी खाटेवर होतो.

भेटायला येणारे सगळे चांगले बोलले. "वय झालं गिरधरभाऊ, आराम करा." "इतकी वर्षं राबलात, शरीर हिशोब मागणारच." केळी आणली, मोसंबी आणली. मला कोणी नाव ठेवले नाही, हे मुद्दाम लिहितो.

२. माझी हत्यारे, म्हणजे सर्व पाने, दोन्ही जॅक, व्हाइस, आणि दुकानाची जागा माझा भागीदार देवराम याला द्यावी. कारण असे. आजारातच एकदा तो मला जबरदस्तीने शाहपुरला एका विहिरीवर घेऊन गेला, हवा बदलेल म्हणून. मी काठावर उभा राहिलो तो इंजिन बघायला नव्हे. देवरामने पाठीमागून हाक मारली, "गिरधरभाऊ, जरा इकडं या हो, पाना सापडत नाही." मी वळलो. पाना त्याच्या हातातच होता. त्याबद्दल आम्ही दोघे आजवर एक अक्षर बोललो नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. माणूस हिशेबात कच्चा आहे, बाकी कशात नाही.

३. माझा मुलगा श्रीकांत, नोकरी खंडवा, याला शाहपुरचे केळीचे शेत आणि बँकेतील सर्व शिल्लक. कमी दिले असे त्याने म्हणू नये. तो वाईट नाही. पण आजारात माणूस बोलत नाही म्हणून लोकांना वाटते तो ऐकतही नाही. गेल्या वर्षी अंगणात तो सूनबाईंना, सुलभाला, म्हणाला, "बाबांचं झालं की घर काढून टाकू. आत्याला नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवून येऊ, तिकडं सरकार सांभाळतं." सुलभा म्हणाली, "हळू बोला, ऐकतील." तो म्हणाला, "त्यांना आता काय समजतंय!" श्रीकांत, मी भिंतीपलीकडून इंजिनाचा फाटलेला गॅसकेट आवाजावरून ओळखतो. तू तर खिडकीखाली उभा होतास.

४. आत्या म्हणजे माझी धाकटी बहीण मथुरा, वय वर्षे एकोणसाठ. सिंधीपुऱ्यातील राहते घर, मागच्या खोलीसह, विहिरीसह, मी तिला देतो. वकिलांनी कच्च्या मसुद्यात लिहिले होते की तिला हयातीत राहण्याचा हक्क असावा आणि वर एक पालक नेमावा, कारण "बाईंच्या डोक्याचा भरवसा काय." ते मी खोडले. पूर्ण मालकी. तिने विकावे, भाड्याने द्यावे, नाहीतर दार लावून बसावे. तिला कोणी घराबाहेर काढू नये, मग नाव कोणतेही द्या, इलाज म्हणा की तीर्थयात्रा.

याचे कारण मोठे आहे आणि त्यात माझी लाज आहे.

मथुरेला धूलकोटला दिली होती. सतराव्या वर्षी तिच्या सासऱ्याने तिला बैलगाडीतून आणून आमच्या दारात उतरवली आणि वडिलांना म्हणाला, "तुमची पोरगी बसून राहते. आम्हाला बसायला माणूस नको होतं." पुढे जावयाने दुसरे लग्न केले. त्या घराचे इंजिन तीस साली मी दुरुस्त केले, चहा मात्र घेतला नाही. मला वाटे, मोठाच सूड उगवला.

पण घरात मीही तेच म्हणत होतो. वर्षातून एकदोनदा मथुरा दोन दोन महिने खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राही. मग एके दिवशी उठे आणि सगळे घर सारवून काढी. आम्ही त्याला स्वभाव म्हटले. माझी पत्नी कै. गोदाबाई हिने मथुरेला कधी उपाशी ठेवले नाही, आणि कधी बोलल्याशिवाय जेवूही दिले नाही. मी तिचे नाव "बसकी" पाडले. पाहुण्यांत विनोद करी, "आमच्याकडे एक इंजिन आहे, हँडल मारून थकलो, सुरूच होत नाही." सगळे हसत. ती आतून ऐकत असे. कान काही मला एकट्यालाच नव्हते.

मी खाटेला लागलो तेव्हा सगळे म्हणाले, उठा, फिरून या, मन रमवा. मथुरा चौथ्या दिवशी खाटेपाशी आली, खाली बसली, आणि हळूच विचारले, "भाऊ, तांब्या उचलायला जड लागतो ना?" पाण्याचा तांब्या. मी कोणाला सांगितले नव्हते. सांगणार काय, की दहा माणसांनी ढकलायचे इंजिनाचे जड चाक एकट्याने फिरवणाऱ्या मला तांब्या उचलवत नाही? मी मान हलवली. त्यानंतर अकरा महिने तिने मला एकदाही "ऊठ" म्हटले नाही. तांब्या अर्धाच भरून ठेवू लागली.

गेल्या ऑक्टोबरात आमचे डॉ. प्रभाकर यांनी चिठ्ठी देऊन मला नागपूरच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे पाठवले. सोबत मथुरा. त्यांनी मला विचारले, "असं पहिल्यांदा कधी झालं?" मी म्हणालो, "चौसष्टाव्या वर्षी." त्यांनी लिहून घेतले. दाराशी उभी असलेली मथुरा म्हणाली, "आणि सतराव्या वर्षी झालं तर?"

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "कोणाला?"

"मला."

त्यांनी तिला खुर्ची दिली. किती वेळा, किती दिवस, झोप कशी, भूक कशी, सगळे विचारले. माझ्यापेक्षा तिलाच जास्त वेळ दिला. शेवटी म्हणाले, "दोघांच्या दुखण्याचं मूळ एकच की निराळं, ते मला सांगता येणार नाही. उतारवयात पहिल्यांदा येतं ते एक, तरुणपणी येऊन फिरून फिरून येतं ते एक. पण बाई, हा आळस नव्हे. स्वभावही नव्हे. हे दुखणं आहे."

आमचे तिथे वीस दिवस गेले. जाताना नागपूर आपली राजधानी होती. परतलो तोवर राज्यांची फेररचना होऊन ते मुंबई राज्यात गेले आणि आपण भोपाळचे झालो. मी तिकीट तपासणाऱ्याला विचारले, "साहेब, आम्ही परमुलुखात सापडलो की काय?" तो हसला. वर्षभरात मी पहिल्यांदा कोणाला तरी हसवले. मथुरा हसली नाही. बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, चाळीस वर्षांआधी कोणी असं म्हटलं असतं तर मी काय केलं असतं रे?"

मी धंद्यात कोणाला उत्तर दिल्याशिवाय सोडले नाही. तिला देता आले नाही. घर देतो ते उत्तर म्हणून नव्हे.

दुखणे दोघांनाही असताना मला चौसष्टाव्या वर्षी मोसंबी मिळाली, तिला सतराव्या वर्षी बैलगाडी. माझ्याला लोक वय म्हणाले, तिच्याला स्वभाव म्हणाले. माझ्या आधी तिला झाले हाच तिचा गुन्हा.

५. मथुरेला पुन्हा तसे झाले तर जवळ असणाऱ्याने तिचे पांघरूण ओढू नये, उपदेश करू नये, आणि डॉ. प्रभाकर यांना बोलवावे. "बसकी" हा शब्द या घरात कोणी उच्चारू नये. तो मी तयार केला होता, मीच मोडीत काढतो.

६. माझे दहावे-तेरावे थोडक्यात करावे. भाषणे नकोत.

७. सह्यांबद्दल. आज सर्व मंडळी माझ्या ओसरीवर जमली असता हे वाचून दाखवले. वकील म्हणाले, "गिरधरभाऊ, आजाराचा मजकूर फार झाला. होळीनंतर नीट मसुदा करू, तेव्हा सह्या करू. घाई काय आहे?" डॉ. प्रभाकर म्हणाले, प्रकृती छान आहे, होळीपर्यंत थांबायला हरकत नाही. मी म्हणालो, माझी शुद्ध सगळ्यात जास्त मथुरेला ठाऊक, तिचीच साक्ष घाला. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत असेल तर ते देणे कोर्टात अडचणीत येते. मथुरा म्हणाली, "मग घर राहू द्या, मी सही करते." मी नाही म्हटले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो ते तिच्या बाजूने.

तेव्हा वकिलांनी समजूत काढायला सहज विचारले, "बरं बाई, सहीचं सोडा. तोंडीच सांगा, भाऊ बरे आहेत ना?" तिने माझ्याकडे नीट पाहिले. आजार सुरू झाला तेव्हा ठेवत असे तसा मी सकाळपासून चहा तसाच ठेवला होता, ते तिने पाहिले असावे. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो:

"आज बरा आहे. होळीचं मला विचारू नका. सह्या आत्ताच घ्या."

देवरामने दौत पुढे केली.

ठिकाण: सिंधीपुरा, बऱ्हाणपूर
तारीख: १२ मार्च १९५७, मंगळवार, दुपारी चार

सही: गिरधर कडू महाजन

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. डॉ. प्रभाकर गणेश गर्गे
२. दिगंबर सखाराम पुराणिक, वकील