आरतीची पट्टी

नांदेड,
९ फेब्रुवारी २०२५

चि. आरतीस, अनेक आशीर्वाद.

लातूरला आईबाबा बरे असतील. इथं आत्ताच ऊन तापायला लागलंय. चाकूरच्या ज्युनिअर कॉलेजात रुजू होणार असल्याचा तुझा मेसेज काल वाचला. अभिनंदन लिहायला घेतलं अन् दोनदा पुसलं. म्हणून हे पत्र.

तुझी पट्टी सोबत परत पाठवतोय.

वीज दिली की स्नायूसारख्या वाकणाऱ्या या पट्ट्यांमागं मी अकरा वर्षं आहे. पट्टी वाकते, पण तिच्यावरचा वीज नेणारा लेप तडकतो. माझा प्लॅटिनमचा लेप सहा हजार वेळा वाकण्यापुढं कधी टिकला नाही. तू पट्टी आधी ताणून धरलीस, कार्बनचा लेप दिलास आणि मग सोडलीस. लेपाला बारीक सुरकुत्या पडल्या; वाकताना त्याच उलगडतात. इतकी साधी गोष्ट. मला सुचली नाही.

डिसेंबरात ती तपासणीला लावली. तिसऱ्या दिवशी आपले लॅबवाले शेषेराव आत आले. "सर, पोरीची पट्टी थांबंचना की! चाळीस हजार झाले. लई भारी काम केलंय."

"मशीन मोजायला चुकत असेल," मी म्हणालो.

मशीन चुकत नव्हतं. मी स्वतः पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. एक भेग शोधत होतो, आरती. अगदी मनापासून शोधत होतो. सापडली नाही.

त्याच दुपारी तुझा फोन आला आणि मी सांगितलं, "पाच हजारांतच तडकली."

तू म्हणालीस, "हाव सर. तुम्ही बघितलं म्हणजे झालं."

पीएचडी सोडायचं तू तेव्हाच ठरवलंस, हे काल तुझ्या मेसेजवरून कळलं.

मी खोटं बोललो होतो.

सगळी मोजणी आज तुला आणि विभागप्रमुखांना मेल केलीय. तुला काय सांगितलं होतं, तेही त्यात लिहिलंय. शोधनिबंधावर माझं नाव घालू नकोस. दुसरा गाइड मागून घे, पण काम सोडू नकोस.

मन मोठं करून लिहितोय असं समजू नकोस. पट्टी पाकिटात घालताना आतासुद्धा तुझा हेवा वाटला. माझ्या विद्यार्थिनीचं नाव होणार याचा आनंद व्हायला हवा होता. तो अजून झालेला नाही. व्हावा अशी इच्छा आहे, इतकंच खरं सांगू शकतो.

'तुझा सर' असं लिहायचा हक्क गमावलेला,
दयानंद