खाजकुइलीवर माझा भरवसा

७ डिसेंबर, देवास
पाव किलो खाजकुइलीच्या बियांची खरी किंमत: एक पूर्ण बाह्यांचा शर्ट, जो जाळावा लागला, दोन दिवस मोटर वाइंडिंगचं दुकान बंद, अंगभर शेणाचा लेप, आणि बायकोचं, म्हणजे कमलचं, बोलणं. वेल टोंकखुर्दच्या बापूच्या कुंपणावरची. तो माझा जुना गिऱ्हाईक, शेणही त्याचंच. तोडायच्या आधी म्हणाला होता, भिया, इके तो बकरी बी नी खाय. बकरीला पार्किन्सन्स होत नाही.

८ डिसेंबर
नोंद असावी. डॉ. रुची म्हणाली होती, काका, उजव्या हाताची थरथर पार्किन्सन्सचीच आहे, गोळ्या आजपासून सुरू करा, नाहीतर वाइंडिंगचं काम हातातून जाईल. मी विचारलं, खाजकुइलीत तेच औषध असतं ना? म्हणाली, असतं, पण कुठल्या बीमध्ये किती ते कोण सांगणार, मनाने घेऊ नका. 'असतं' मी स्वच्छ ऐकलं. पुढचं डॉक्टर लोक सगळ्यांनाच म्हणतात. गोळ्या कपाटात.

१० डिसेंबर, सकाळी ६
बिया दुधात उकडल्या, सोलल्या, वाळवल्या होत्या. आज दळल्या. एक चमचा. चव मातीची. कमलने मिक्सर अंगणात नेऊन ठेवला. म्हणते, आता तो तुमचा.

१३ डिसेंबर
चहा घेताना कप बशीवर वाजला नाही. परवापर्यंत टाळ वाजवल्यासारखा वाजत होता. बेअरिंग गेलंय का, ते मी रस्त्यावरून सांगतो. या कानांना आजवर कोणी फसवलेलं नाही. कमलला सांगितलं. ती मेथी निवडत म्हणाली, बरं झालं, तरी रुचीला एकदा विचारा. बायकांना रिसर्च कळत नाही.

१६ डिसेंबर
दीड एचपीची मोटर आली. तार तीनदा तुटली. हल्ली तारच हलकी येते. दुपारपासून दोन चमचे.

१७ डिसेंबर
ओकाऱ्या. शरीर साफ होतंय. दुकान बंद.

१९ डिसेंबर
यश सांगायला रुचीकडे गेलो. तिने चहा मागवला. कप असा वाजला की बाहेरचा पेशंट डोकावला. मी म्हणालो, तुझ्या बशा सपाट नाहीत, घरचा कप वाजत नाही. ती म्हणाली, चूर्ण आजच बंद, आणि संध्याकाळी घरचा कप घेऊन या.

१९ डिसेंबर, संध्याकाळी
पिशवीत घालताना कप उलटा झाला. बुडाला रबराची चकती चिकटवलेली. रबर माझ्याच दुकानातलं. कमलला विचारलं, कधी? म्हणाली, बारा तारखेला. अहो, तो आवाज आला की तुम्ही अर्धा चहा टाकून उठायचात. मग कपाटातून गोळ्यांचं पाकीट काढून तिने माझ्यापुढे ठेवलं.
मी फडताळातले बाकीचे कप पाहिले. सहाही कपांना चकती आहे.