शिशाच्या वजनांचं घड्याळ

कनेक्टिकट,
८ ऑक्टोबर १७७७

प्रिय सायलस,

तुझं पत्र परवा फेरीवाल्याने आणून दिलं. पायमोजे पोचले, बरं वाटलं. इकडे मका काढून झाला, भोपळे माळ्यावर टाकलेत, आणि चहावाचून माझं डोकं अजून ठणकतं. इंग्लंडच्या राजाचा कर नको म्हणून चहा सोडला ते योग्यच केलं, पण पुदिन्याचा काढा तो काढाच.

तू राजाविरुद्ध लढायला निघालास ती सकाळ आठवते ना? आपण घड्याळाची दोन्ही शिशाची वजनं काढली, चुलीवर वितळवली आणि तुझ्यासाठी गोळ्या ओतल्या. तू म्हणालास, "आई, आता राजाला वेळ कळेल!" मीही हसले. तुझा धाकटा भाऊ जोएल तेव्हा घरी असता तर हसला नसता. दर शनिवारी किल्ली देऊन लंबकाला बोटाने हळूच ढकलणारा तोच. तो राजाच्या फौजेत गेला तेव्हापासून त्याचं नाव या घरात काढायचं नाही, असं तू बजावलंस. मी पाळलं. पण दोघेही माझ्याच पोटचे, रे.

आता ऐक. वजनांवाचून घड्याळ चालत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तरी उन्हाळ्यात एका दुपारी, मी लोणी घुसळत असताना, त्याने टोला दिला. एकच. लंबक जागचा हलला नाही. आठवड्याने आणखी एक. शेजारची प्रुडन्स म्हणाली, "अगं बाई, तुझे कान वाजतायत. जरा माणसांत येत जा!" गेले, प्रार्थनेलाही गेले. टोले थांबले नाहीत. भीती वाटायची, तरी मोजत राहिले. तू पत्र लिहिलंस त्या तारखेपर्यंत अकरा झाले होते. आणि पत्रात तू मोठ्या अभिमानाने लिहिलंस, घरच्या अकरा गोळ्या झाडल्या, एकही फुकट गेली नाही. मी पुन्हा बोटांवर मोजलं. अकराच.

काल भरदुपारी बारावा टोला पडला. या वेळी मात्र लंबक हलू लागला, कोणी बोटाने हळूच ढकलावा तसा. हे लिहितेय तेव्हाही तो हलतोय. उरलेल्या गोळ्या नदीत टाक, सायलस, तुला माझी शपथ आहे. लढायचं तर दुसऱ्या शिशाने लढ. आणि मला एवढंच कळव: काल ज्याला गोळी लागली, त्याचं तोंड तू पाहिलंस का?

तुझीच, आणि त्याचीही,
आई