प्रेस किटमध्ये बाबांचं मत

बाबा,

माझ्या प्रेस किटची फाइल तुम्ही गेल्या आठवड्यात "जरा नीट" केलीत, ते पाहिलं. त्यात गाणी, फोटो आणि आपली ओळख असते, ते पाहून कार्यक्रमवाले गायला बोलावतात. तुम्ही त्यात माझी उंची, दहावीचे टक्के आणि वर्तणुकीचा दाखला घातलात. खाली लिहिलंत, "छंद: गायन (फावल्या वेळात)". तुम्ही लावलेल्या पासपोर्टच्या फोटोत तर मी हरवलेली व्यक्ती दिसते.

सगळं काढलं. दाखला तेवढा ठेवलाय. आमचा ड्रमवाला म्हणाला, बँडमध्ये एकाकडे तरी असावा. "छंद" खोडून "गायिका" लिहिलं. नोकरी सोडल्याचंही लिहिलं. शेजाऱ्यांना मी रजेवर आहे असं सांगता, ते खुशाल सांगत राहा.

"प्रतिक्रिया" ही जागा मात्र रिकामी होती. माझ्या गाण्याबद्दल आजवर ठाम मत फक्त तुम्हीच दिलंय, म्हणून तेच टाकलं: "बंद कर ते, तीन मजले ऐकतायत." खाली "वडील" असं लिहिलं.

किट कार्यक्रमवाल्यांना पाठवलं आणि काल त्यांचा फोन आला. मैदान मोठं आहे, तीन मजले ऐकू जाणारीच हवी होती म्हणे.

आज सात वाजता गातेय. माइक तपासायला पुढे निघाले. जेवण झाकून ठेवलंय. ही परवानगी मागत नाहीये, पत्ता देतेय. तो या कागदाच्या मागच्या बाजूला आहे. आलात आणि नाही आवडलं, तर तिथेच मोठ्याने सांगा. दुसऱ्या प्रतिक्रियेची जागा मोकळी ठेवलीय.

तुमची,
रजेवर असलेली