गौतमला घातलेली भीती

अंबरपेठ, हैदराबाद

प्रिय संदेश,

‘प्रिय’ लिहायला हात वळत नव्हता, तरी लिहिलंय. चौथी शिकलेली बाई मी, चुका काढत बसू नकोस. फोनवर माझा आवाज ऐकला की ठेवून देशील, म्हणून कागद.

गौतम आता तीन वर्षांचा झाला. कान तुझ्यासारखेच, बाहेर आलेले. माझी रसिका साड्यांच्या दुकानात कामाला जाते, बालवाडीचे दोन तास सोडले तर पोरगं दिवसभर माझ्याकडे. जेवायला फार परेशान करतो.

गौतम झाला तेव्हा तू तीनदा आलास. बाळंतीण न्यायला घरचं मोठं माणूस लागतं, असं म्हणून मी तुला जिन्यावरूनच परत पाठवलं. देवळात लग्न केलं म्हणून तुझ्या घरच्यांनी तुला टाकलेलं, हे मला माहीत नव्हतं का? होतं. तिसऱ्यांदा तू तुझ्या गॅरेजच्या मेस्त्रीला, लक्ष्मणरावांना, वडीलधारे म्हणून घेऊन आलास. बिचारे नवा शर्ट घालून, नारळ घेऊन उभे. मी म्हटलं, तुम्ही गाड्या दुरुस्त करा, संसार नको. आत रसिका कान बांधून झोपलेली. अठरा वर्षांची पोर. बाळंतपणात डोळ्यांना त्रास नको म्हणून तिचा फोन मीच काढून घेतलेला. तिला सांगितलं, कुणी आलं नाही. महिनाभर तिने वाट बघितली, मग तुझं नावच टाकलं. मला वाटलं, सुटली.

सोमवारी बालवाडीत बाईंनी घरातल्या माणसांचं चित्र दाखवलं. बापावर बोट ठेवताच गौतम बाकाखाली शिरला, चड्डी ओली केली. बाईंनी रसिकाला दुकानातून बोलावलं, ती त्याला घेऊन घरी आली. एवढंच म्हणाली, “आई, ह्याला बापाची भीती कुणी घातली?” मग मी सगळंच बोलले, तू आल्याचंसुद्धा. ती उठली, लक्ष्मणरावांकडून तुझा नवा पत्ता आणला, माझ्यापुढे ठेवला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

तर ऐक. घास गिळेना की मी त्याला म्हणायची, खा, नाहीतर तुझा बाप येईल, पोत्यात घालून नेईल. दोन वर्षं, रोज. तू आलास की तो किंचाळेल, माझ्या पदरात घुसेल. ओढू नकोस त्याला. जमिनीवर बस, तुझं तू जेव. त्या दिवशी तसंच परत जावं लागलं, तरी दुसऱ्या दिवशी ये. त्याच्याही दुसऱ्या दिवशी ये.

तुझीच म्हणवून घ्यायला तोंड नसलेली,
भामा